नव्वदच्या वर

साबण्यांचा कोट परत आला.
पिशवी माझीच, वर टाचणीने लावलेली चिठ्ठी:
"घरात बरोबर वाटला होता.
उन्हात पाहिलं तर कोपराजवळ हिरवट डाग."
डाग नव्हे हो, रफू आहे ते.
बावीस वर्षांत पहिल्यांदा परत आलेलं.

तीन महिन्यांपूर्वी खोलीतली ट्यूब गेली.
भाच्याने बल्ब आणून लावला,
शंभराला दोन, लख्ख, बिल निम्मं.
त्या उजेडात धागे कसे गुण्यागोविंदाने नांदत!
मरून आणि तपकिरी सख्खी भावंडं,
मोरपंखी नुसताच निळा,
वरणावरची फोडणी आजारी.
मला वाटलं, डोळे.
डॉक्टरीणबाईंनी साडेतीनशे घेतले
आणि डोळ्यांना निर्दोष सोडलं.

मग संशय वर गेला, होल्डरकडे.

रास्ता पेठेतून चालत तपकीर गल्ली.
पर्समध्ये धाग्यांची सहा टोकं,
रुमालात एक टोमॅटो.
पहिला दुकानदार म्हणाला, "मावशी, वॉर्म की कूल?"
म्हटलं, खरा.
तो गिऱ्हाईक बदलून मोकळा झाला.
दुसऱ्याने खोका पुढे केला: पंचवीस हजार तास.
दिवसाला आठ धरले तरी माझ्यामागे जळत राहील.
खोक्याच्या बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरांत
वॉरंटी, एक वर्ष.
बल्बचाच बल्बवर विश्वास नाही.
तिसऱ्याकडे दिव्याखाली हात धरला.
हात माझाच,
पण कालपासून मेलेला.

लुंकडांच्या दुकानात शिडीवर तौसिफ होता.
वरूनच म्हणाला, "सीआरआय बघा. नव्वदच्या वर.
आणि लाल वेगळा विचारा,
खराब उजेडात लाल सगळ्यात आधी मरतो."
तुला कसं ठाऊक?
"लग्नाचं लायटिंग करतो, काकू.
शालू विटकरी दिसला की आमचे पैसे कापतात.
तुमचं काय काम?"
रफू.
तो शिडीवरून खाली उतरला.

एकेक बल्ब लावून त्याने मोबाइलचा कॅमेरा समोर धरला.
एकावर काळे पट्टे सरकत होते.
"हा थरथरतो. डोळ्याला नाही कळत, डोक्याला कळतं."
मी टोमॅटो काढला. तो हसला नाही.
दुसऱ्या बल्बखाली टोमॅटो मेणाचा.
तिसऱ्याखाली
देठाजवळची हिरवी रेघ उठून आली,
बाजूचा पिवळा चट्टा, एक ओरखडा,
सकाळी भाजीवालीने टोपलीतून दिला होता तसाच्या तसा.
चारशे ऐंशी. एकाचे.
चारशे साठला दिला. टोमॅटो त्यालाच देऊन आले.

घरी येऊन लावला.
कोट खाली धरला तर खरंच हिरवट,
राखाडी लोकरीत शेवाळाचं बोट.
माझं बोट.
उसवायला घेतलं, तेव्हा लक्षात आलं,
तीन महिने.

वही उघडली. सतरा नावं.
एक परत आला.
म्हणजे सोळाजण माझे चुकलेले टाके
लक्ष्मी रोडवर, पर्वतीवर, बँकेत, बारशाला
उन्हातून हिंडवताहेत.
सोळा माणसं, पुण्यातली,
आणि कुणी एक शब्द बोललं नाही?
की कुणी पाहिलंच नाही?
कशाचं जास्त वाईट वाटून घ्यावं
हे अजून ठरलेलं नाही.

पहिलं नाव ढोणेबाई, शाल, जांभळी, उंदराने कुरतडलेली.
फोन लावला.
म्हटलं, तुमची शाल जरा
उन्हात धरून बघता का?
"का हो, काय झालं?"
बघा तर.
"थांबा मग, गॅलरीत जाते."

पलीकडे कडी निघाल्याचा आवाज.
रस्त्यावरचा हॉर्न, कुणाचा तरी कुकर.
मी कानाला फोन धरून,
वर बघत.