चौकट क्रमांक एकोणीस

डिसेंबर ते मार्च. एकशेवीस दिवस, रोजाने.
जेवण आपलं आपण.
मांडीपर्यंतचे गमबूट, परत करायच्या बोलीवर.
आतल्या अस्तरावर बॉलपेनाने कोरलंय: गांगुर्डे.
मी दोन जोड मोजे घालते, तरी टाच सुटते.

नांदूरमधमेश्वरला गोदा आणि कादवा
भेटून दमतात, पसरतात. तिथे
सकाळी सातला मी गुडघाभर पाण्यात वाकलेली.
मागे काठावर माणसं दुर्बिणी लावून
आभाळ बघतात. चक्रवाक किती, रोहित आले का.
मी त्यांना पाठमोरी.
माझं खातं तळाचं.

पाइपची चौकट, अर्धा मीटर बाय अर्धा,
गाळावर टेकवायची आणि तिच्या आत
बोटांनी बघायचं.
दगड. दगड. बाटलीचं झाकण.
कुठल्या तरी विसर्जित देवाचा कोपर.
मग एक गुळगुळीत कड, चिखलात उभी रोवलेली,
आणि बोट लागताच आतून
दार ओढून घेतल्यासारखं काहीतरी.

"जिवंत!"
काठावर सखाहारी पाटीवर रेघ मारतो.
मेलेले वाजतात, पोकळ.
त्यांचा रकाना वेगळा.

सखाहारीच्या आईला हे काम पटलेलं नाही.
"मोजून परत टाकती? मग काढती कशाला?"
पुंजाबाईच्या चुलीपाशी एक शिंपला आहे,
पाठीला भोक पाडलेला, कैरी सोलायचा.
दुसरा उतरंडीत जपलेला:
सखाहारी अंगावर पीत नव्हता, तेव्हा
त्यानेच थेंब थेंब दूध पाजलं म्हणे.
आता तो पंचेचाळीसचा, होडी वल्हवतो, मासे कमी झाले म्हणतो,
आणि माझ्याकडे रोजाने येतो. माझ्याहून पन्नास रुपये कमी.
हे आम्ही दोघंही बोलत नाही.

निफाडचा पारा त्या आठवड्यात पाचावर.
बागांमधून शेकोट्या पेटवल्या होत्या, द्राक्षांना ऊब म्हणून.
व्हर्नियरचा आकडा थरथरतो की माझा हात,
दोनदा वाचायचं, तिसऱ्यांदा लिहायचं.
सत्तर पूर्णांक दोन. अडुसष्ट. एकाहत्तर.
सगळे म्हातारे.
वीस मिलिमीटरच्या आतला रकाना
अठरा चौकटी झाल्या तरी कोरा.

"पोरं नाहीत, मावशी."
"मासाच न्हाई तर पोरं कुठनं?"
तिने पुस्तक वाचलेलं नाही. पुस्तकात हेच आहे:
शिंपल्याचं पिल्लू माशाच्या कल्ल्याला धरून राहतं,
काही दिवस, भाडं न देता,
मग जिथे सुटेल तिथलं होतं.
मी चांदोरीत पत्र्याच्या खोलीत राहते. भाडं देते.
कुठे सुटेन ते निधी मंजूर झाल्यावर कळेल.

एकोणिसाव्या चौकटीत, तेवीस फेब्रुवारीला,
हाताला आला तो घासला
तर पाठीवर आकडा. नेलपॉलिशचा, लाल, अर्धा खरवडलेला.
सत्तेचाळीस.
सातच्या पोटात आडवी रेघ. मी तशी काढत नाही.
जुनी वही काढली: ४७, लांबी ६१.४.
तीन हिवाळ्यांपूर्वीचं, तेच अक्षर, तीच रेघ,
खाली सही.
मी मापलं. चौसष्ट पूर्णांक एक.

एवढंच. गांगुर्डेला मी कधी पाहिलं नाही.
कुणी म्हणतं सिन्नरला कंपनीत लागला, कुणी म्हणतं पुण्याला.
पाय माझ्याहून मोठा, अक्षर बरं.
आणि दोन पूर्णांक सात मिलिमीटर
तो नसताना झाले.

सखाहारी म्हणाला, "काय झालं? मेला का?"
"नाही," म्हटलं. "लिही. पुन्हा सापडला."

परत ठेवताना टाकायचा नसतो.
ज्या टोकावर उभा होता त्याच टोकावर
रोवायचा, मग हात काढून घ्यायचा हळू,
गढूळ बसेपर्यंत थांबायचं.
मी जरा जास्तच थांबले.
बुटात पाणी शिरलं होतं, डाव्या.
त्याचं भोक कागदावर कुठेच नोंदलेलं नाही.