अंजनाशी रोज

अडावदच्या सबस्टेशनात रात्रपाळीला
मोबाईलवर ड्रुइडांबद्दल वाचत बसायचो.
कुठल्या धुक्याच्या देशातली माणसं,
ओकची राई, दगडांचं रिंगण,
आणि आजही त्यांच्यातलं कोणी ना कोणी
रोज सकाळी एका झाडापुढे उभं राहतं म्हणे.

तीन वर्षं वाचलं.
आठ सणांच्या तारखा पाठ झाल्या,
झाडांची जुनी लिपी वहीत उतरवली.
बायको म्हणाली, कसली परीक्षा देताय?
आणि दिवसा मी, वायरमन,
तारेखालचे निंब छाटत होतो
कोयत्याने, हात पोचेल तिथून,
झाड कोणतं तेही न बघता.

ओक इथे नाही.
लासूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी
काळ्या खडकात अंजन उभा असतो,
त्याच्या लाकडाने करवतीचे दात जातात.
त्यालाच गुरू केला. म्हणजे
पहिल्या दिवशी हात जोडले,
ठरवून आणलेलं वाक्य म्हटलं
आणि घड्याळ बघितलं.

सायबू तडवी बकऱ्या हाकत चालला होता.
"काय करी ऱ्हायना रे भो?"
सांगितलं, जमेल तसं.
त्याने तंबाखू मळली, पिंक टाकली.
"हात जोडीसन काय व्हई?
हात लाईसन दख."

लावला. खरखरीत होता, आणि सकाळीच गरम.
दुसऱ्या दिवशी पुन्हा.
मोटरसायकलला पाच लिटरचा कॅन बांधून
खाली उगवलेल्या चार रोपांना पाणी,
भोवती बोरीचे काटे,
पडलेल्या फांदीचा दांडा तासायला
सायबूचाच विळा.
दांड्याला चार महिने लागले.
फोड आले, फुटले, घट्टे पडले.
तीन रोपं बकऱ्यांनी खाल्ली,
त्यातलं एक सायबूच्या बकरीने.
तो म्हणाला, तिलेबी भूक शे.

शंभरातले नव्वद दिवस
काहीच झालं नाही, हेही लिहून ठेवतो.
नुसता कंटाळा, मुंग्या, पाठदुखी.
पावणेसातला निघायचं, साडेसातला हजेरी.

त्यांच्या पहिल्या कापणीच्या सणाला
आमची कपाशी गुडघ्याला नसते.
त्यांनी वसंताचा जाळ पेटवावा
तेव्हा इथे आभाळच पेटलेलं.
वहीतल्या तारखांवर काट मारली.
खाली लिहिलं: मोहाचं पहिलं फूल, मंगळवार.
अंजनाला तांब्याची पालवी,
हनुमान जयंतीच्या दोन दिवस आधी.

मग मे महिन्यात वावधन आलं.
केळीचे बाग झोपले, फिडर बंद.
रात्री दोनला, धानोऱ्याच्या शिवारात
परमिट घेतलं, अर्थिंग केलं,
शिडी झाडाला लावून चढलो
आणि बॅटरी विझली.
तारेवर पडलेली फांदी हाताला लागली.
डोक्याआधी हातच म्हणाला, निंब.
सालीच्या भेगांवरून बोटं मागे सरकली
जिथे फांदी खोडातून निघते
त्या गोल सुरकुतीपर्यंत,
तिच्या बाहेरून करवत धरली.
खालून साहेब ओरडत होता,
अरे, कुठूनही तोड ना!

कुठूनही तोडली होती मागच्या वर्षी,
ह्याच झाडाची. अंधारात
ती जुनी खुंटी सापडली.
बोट आत गेलं, दोन पेरं.
ओलं होतं, भुगा होता.

कोणी काही विचारलं नाही.
पहाटे लाईन चालू झाली.

सहाला तसाच लासूरकडे वळलो, न झोपता.
वाक्य आठवेना. पाणी घातलं.
उरलेलं रोप वीतभर आहे,
पान दोन दळांचं, देठाशी जुळलेलं.
वाऱ्याने काटे उडाले होते, परत लावले,
अंगठ्यात एक मोडला.
कॅनचं झाकण कुठेतरी पडलंय.
उद्या येताना
प्लॅस्टिक आणि सुतळी आणायची.