कानोसा

फॉर्मवर 'कौटुंबिक पार्श्वभूमी'साठी
चार ओळींची जागा आहे.
बावीस वर्षं मी ती भरते आहे,
वूच शहरात, बावुतीच्या विटकरी इमारतींचे जिने चढून.
गुडघे आता कुरकुरतात.
फॉर्म तेवढाच आहे.

आज ग्रात्सियान. वय पंधरा.
मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर
तिघा थोराड पोरांनी उचकटलं;
हा कोपऱ्यावर, राखणीला.
ओल्या फरसबंदीवर पोलिसांच्या गाडीची चाकं
भोंगा वाजायच्या आधीच यानं ऐकली.
शीळ घातली. तिघे पसार.

"एवढ्या लांबून ऐकू कसं आलं रे?"
त्यानं खांदे उडवले.
झानेटानं, त्याच्या आईनं, किटलीखालचा गॅस बारीक केला
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
"त्याला किल्ली कळते."

मग एकेक कळत गेलं.
बॉगदान घरी येतो तेव्हा
किल्ली एका दमात लागली, तर सगळ्यांनी जेवायला बसायचं.
दोनदा खरवडली, तर टीव्ही बंद.
तिसऱ्यांदा खरवडली, की
धाकट्या निकोलाला कपाटात, कोटांच्या मागे,
आणि आपण भिंतीला पाठ लावून उभं राहायचं.
हलायचं नाही.
श्वाससुद्धा नाकानं, पातळ.
बाकीची मुलं सफरचंदांवर आकडे शिकतात;
हा दारावर शिकला.
एक, दोन, तीन.
तीनच्या पुढचं गणित त्याला कधीच जमलं नाही,
असं प्रगतिपुस्तकातही आहे.

शेजारच्या द्रोझ्दोवा बाईंनी कानांवर हात ठेवले:
"भिंती पातळ आहेत हो, पण आपण कशाला?"
शाळेनं कानाडोळा केला;
मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्याला कोण विचारतं?
न्यायाधीशबाईंनी कानउघाडणी केली, चांगली अर्धा तास,
जणू या पोराचे कान
आजवर कधी मिटले होते.

"पण तू का नाही पळालास?"
हा प्रश्न फॉर्मवर नाही.
तो बघत राहिला,
पावसात भिजलास कसा, असं काहीतरी मी विचारल्यासारखा.
"आवाज आल्यावर हलायचं नसतं," म्हणाला.

तसाच सापडला होता तो:
शटरशेजारी, भिंतीला पाठ लावून,
हात सरळ, श्वास पातळ.
पोलिसानं नोंदवलंय:
'निर्ढावलेला. भीतीचा लवलेश नाही.'

झानेटा दारापर्यंत सोडायला आली.
कुलपाभोवतीचा रंग पार उडालेला,
खाली लाकूड उघडं पडलेलं.
"बॉगदानच्या लहानपणी किल्ली नव्हती," ती कुजबुजली,
"त्याच्या बापाचे बूट होते. जिन्यावर.
अजून खाली कुणी पाय आपटला
तर झोपेत दचकतो."
मग घाईघाईनं: "हे लिहू नका."

लिहिलं नाही.
'वडील नोकरीला. आई घरी. घर नीटनेटकं.
मुलाला ऐकायला उत्तम येतं.'
शेवटची ओळ खोडली.
मग तीच पुन्हा लिहिली.

ट्रामनं घरी पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते.
जिन्यातला दिवा गेलेला, बोटं गारठलेली,
किल्ली कुलपाला लागेना.
एकदा.
दोनदा.
आत टीव्ही मोठ्यानं चालू.
तिसऱ्यांदा खरवडली
आणि मी थांबले, अंधारात,
आपल्याच दाराचा कानोसा घेत.

हेल्का फोनवर कुणाशी तरी हसत होती.
हसतच राहिली.
"आई," मधेच ओरडली,
"ढकल ना, उघडंच आहे!"