सतरा फूट

मोक्षदा म्हणाली, "बाबा, आते कथा जावानं?"
आणि बोटाच्या एका ढकलीत
मला लळिंगाच्या डोक्यावर नेऊन सोडलं.
गुडघे गेले त्याला नऊ वर्षं झाली.

वरून किल्ला म्हणजे तव्यावर राहून गेलेली भाकर.
चढ नाही, धाप नाही,
ज्या दगडावर बसून पाणी प्यायचो
तोही सपाट.
मग चांगदेव: दोन नद्या, दोन रंग,
अबोला धरून एकाच वाटेनं चाललेल्या जावा.
भुसावळचं यार्ड: केवढी तरी फणी,
दातांत मालगाड्या अडकलेल्या.
पद्मालयाच्या तळ्यावर ढग आडवा आला.
"हा कधीचा?"
"फोटो काढला त्या दिवशीचा."
म्हणजे अजून तिथेच आहे बिचारा.

मी भूमापनात साखळी ओढायचो, एकोणतीस वर्षं.
साहेब दुर्बिणीमागे,
मी दुसऱ्या टोकाला, झेंडी धरून.

"सोनगीर दाखव," म्हटलं.
पायथ्याच्या विहिरीवर तिनं एक टाचणी रोवली,
शिवेवरच्या म्हसोबाला दुसरी.
मध्ये पिवळी रेघ, ताठ,
रेघेवर आकडा.
आकडा मला पाठ होता. हा तो नव्हता.
सतरा फूट कमी.
"बाबा, तुन्ही साखळी चुकनी!"

रात्रभर ते सतरा फूट शोधत पडलो.
पहाटे सापडले.

वैशाख. नांगरून टाकलेलं रान.
दोन बाभळींना बांधलेली लुगड्याची झोळी,
झोळीत कुणाचं तरी तान्हं,
घामानं केस कपाळाला चिकटलेले.
आई लांब, धोंडे वेचत.
रेघ नेमकी झोळीतून जात होती.
साहेबांनी हात हलवला: सरळ ये.
मी ओठांवर बोट ठेवलं
आणि एकही कडी वाजू न देता
वळसा घातला.
वहीत मात्र रेघ सरळच पडली.

सकाळी पोरीला म्हटलं, तिथे ने, अजून जवळ.
बाभळी नव्हत्या. शेततळं होतं,
निळं, कागदाच्या घडीसारखं चौकोनी.
अजून जवळ.
चित्र फुटलं, नुसते ठिपके झाले.
"येन्हा फुढे जास नही, बाबा."

वळसा कुठून घातला होता
ते चहात बुडवलेल्या बोटानं
काचेवर काढून दाखवलं.
निळ्याच्या कडेनं ओला अर्धगोल.

"आरे, फोन खराब व्हई," म्हणत
तिनं तो ओढणीनं पुसला.