प्रश्न चौदावा

डंडीत, अकराव्या मजल्यावर, डिसेंबरातल्या
दुपारी साडेतीनलाच दिवेलागण झालेली.
इश्बेलनं माझ्यासाठी खुर्चीवरचे ओले कपडे उचलले,
रेडिएटरवर टाकले. रेडिएटर गार होता.
हाताची सवय, दुसरं काही नाही.

रेकॉर्डर मध्ये ठेवला. संमतीपत्रावर सही घेतली.
महिन्याचं उत्पन्न, भाडं, मुलं किती,
त्यांचा बाप पैसे देतो का.
"द्यायचा. मग पत्ता बदलला. त्याचा."
हे दळण तिनं किती कचेऱ्यांतून दळलं असेल,
कुठं थांबायचं ते तिला माझ्याआधी ठाऊक.

चौदावा प्रश्न आमच्या प्राध्यापकांचा लाडका:
संकटातून तुम्ही कितपत सावरता?
एक ते पाच यांतला आकडा सांगा.
तिनं तोंड उघडलं, आणि वीज गेली.

गेली म्हणजे संपली. इथं ती आधी विकत घ्यायची,
कोपऱ्यावरच्या दुकानातून चावी भरून आणायची
आणि मीटरमध्ये खुपसायची.
उसनी मिळते थोडी, तीही कालच जाळून झालेली.

"अस्वलं!" ती ओरडली.
आतून कॅलम आणि मुरिन रजईसकट
रांगत आले, तिच्या पायांशी गुहा करून बसले.
गुरगुरलेलं चालतं. जो आधी बोलेल तो हरला.
खेळ किती जुना, मी विचारलं नाही.
सहा वर्षांच्या मुरिनला नियम तोंडपाठ होते.

माझ्या पिशवीत सुपरमार्केटचं वीस पौंडांचं कुपन होतं,
मुलाखत पूर्ण झाल्यावरच द्यायचं.
चाचपत तिच्या हातात कोंबलं.
मोबाइलच्या उजेडात तिनं वाचलं.
"याचं दूध येईल. वीज नाही येत.
पण बस ना, तुझे प्रश्न राहिलेत.
विचार. अंधारात ऐकू येतं मला."

आज ऑफिसात मुलाखत उतरवून घेते आहे.
पंधरावा, सोळावा, तिची नीट उत्तरं,
आणि त्यांच्या खालून गुरगुर, रजईची सळसळ,
दाबून धरलेलं हसू.
मग मुरिन, अगदी हळू:
आई, ही बाईपण अस्वल आहे का?
आणि तेव्हा मला ऐकूच न आलेलं:
"नाही गं. तिला घरी जायचंय.
हरलीस तू."

चौदाव्याच्या रकान्यात आकडा लागतो.
नाहीतर पर्याय आहे: माहिती उपलब्ध नाही.
कर्सर लुकलुकतोय.
बाहेर साडेतीन वाजले असावेत,
आमच्याकडचे दिवे आपोआप लागले.