सहावं पातं

ये, पायाखाली बघून. ही पायरी सैल आहे,
मी मुद्दामच तशी ठेवलीय.
हिच्याखाली इंजिन आहे,
आणि ते उघडायची वेळ नेहमी मध्यरात्री येते.

शिडं तू पाहिलीस. सगळे शिडंच पाहतात.
वाल्दिव्हियाहून बोट विकत घ्यायला आलेल्या माणसानं
आधी नाक वापरावं.
डिझेलचा वास थोडा असायचाच,
घरात कांद्याचा असतो तसा.
जळक्या रबराचा आला
तर हातातला घास टाकून धाव.

हे डबे. बिस्किटांचे, दूध पावडरचे,
एक ओव्हिदिओच्या लग्नातल्या मिठाईचा.
यात फिल्टर, चार. मोजून घे.
यात पट्टे, एक नवा, एक वापरलेला.
वापरलेला फेकू नकोस, त्याची खोड माहीत असते.
यात तांब्याचे वायसर. संपले
तर जुनाच गॅसवर लाल कर, पाण्यात टाक,
मऊ होतो, पुन्हा चपखल बसतो.
माणसांचं तसं होत नाही.
मी करून पाहिलंय.

माझा भाऊ ओव्हिदिओ हसायचा:
"एर्मेलिंदा, ही बोट आहे की भंगाराचं दुकान?"
तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला तो.
आणि समुद्रात, पोरा,
एवढं पाणी असून
विहिरीला जागा नसते.

मग कोर्कोवादोच्या आखातातली ती रात्र.
वारा असा गेला, जणू कुणी दार लावून घेतलं.
शिडं ओल्या चादरींसारखी लोंबत होती
आणि ओहोटी आम्हाला खडकांकडे नेत होती,
सावकाश, मायेनं,
सासरी पोचवायला निघाल्यासारखी.

इंजिन सुरू केलं. वीस मिनिटं चाललं.
मग त्याचा आवाज बसला.
मागच्या नळीतून पाणी पडेना, नुसती वाफ.

बंद केलं. समुद्राची तोटी बंद केली. पायरी काढली.
पंपाच्या झाकणाला सहा स्क्रू.
पाच मी ओठांत धरले,
सहावा ओव्हिदिओच्या बोटांतून निसटून
बोटीच्या पोटातल्या काळ्या पाण्यात.
टॉर्च त्याच्या दातांत होता,
म्हणून गप्प राहिला. जन्मात पहिल्यांदा.

आत रबरी चक्र असतं, सहा पात्यांचं.
एकही पातं शिल्लक नव्हतं.
दुधाच्या डब्यातून नवं काढलं,
भांड्यांचा साबण चोपडून आत ढकललं.
झाकणाखालचा कागद फाटला होता,
केकच्या खोक्यातून दुसरा कापला, कात्री नखांची.
हरवलेल्या स्क्रूच्या जागी डब्यातला एक,
लांब होता, दोन वायसर घालून बसवला.

चाळीस मिनिटं.
तोवर खडकांवरचे सील ऐकू यायला लागले होते,
मग त्यांचा वासही.

इंजिन खोकलं. नळी एकदा थुंकली,
पुन्हा थुंकली,
आणि धार लागली.
ओव्हिदिओनं तोंडातला टॉर्च काढला:
"अजून आहे का तसलं चक्र?"
"दोन," मी म्हटलं.

मेलिंकाला पोचल्यावर सगळ्या नळ्या सोडवल्या.
तुटलेली पाती आत फिरत राहतात,
कुठेतरी अडकतात, आणि पाणी पुन्हा थांबतं.
पाच सापडली. बशीत ओळीनं मांडली.
सहावं नाही.
तिथला मिस्त्री बेलार्मिनो म्हणाला,
धुराबरोबर गेलं असेल बाहेर.
अकरा वर्षं झाली.
मला अजून पटलेलं नाही.

कागदपत्रांत याचा उल्लेख नाही,
पण बोटीबरोबर तेही तुझं.
रोज सकाळी मागे वाकून धार बघत जा,
देवाला नंतर हात जोड.

घे, किल्ल्या.
आणि डबे मोजताना
एक चक्र कमी भरेल.
शोधत बसू नकोस.
ते माझ्या पर्समध्ये आहे.
आता मी लेकीकडे राहणार, तिसऱ्या मजल्यावर,
तरीही.