एकेक काडतूस

हरकरे वकिलांनी ती टेबलावर ठेवली तेव्हा
इतवारीत सेहेचाळीस डिग्री होतं,
गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.
जुन्या धोतरात गुंडाळलेली
बावीस बोअरची सेमी-ऑटोमॅटिक,
लायसन्स वेगळ्या पिशवीत, शिक्क्यांनी जाड झालेलं.
"सोनकुसरे, हिचा नेम सुधारून द्या."
मी म्हटलं, साहेब, शिकार बंद होऊन
माझं अख्खं वय झालं. आता काहून नेम?
ते म्हणाले, "तुम्ही काम पाहा."

काम पाहिलं.
कुंदा अक्रोडाचा, पण फुगलेला.
कपाट कुठं असतं विचारलं, तर कूलरसमोर.
चाळीस उन्हाळे खसाची ओल पिऊन
लाकूड एका अंगानं नळीला खेटत होतं.
घासलं. इतकंच, की दोघांच्या मधून
दहाची नोट सरकावी.
स्क्रू ढिले होते, आवळले.
कुठं थांबायचं ते मनगटाला कळतं,
ज्याच्या नाही कळत तो पिळून मोडतो.
चाप सुटायच्या आधी कचकचत होता,
उत्तर द्यायच्या आधी कुणी घसा खाकरावा तसा.
तेही काढलं.
आणि नळीच्या तोंडाला, अगदी कडेला,
भिंग लावल्यावर दिसली एक खोक,
अर्ध्या तिळाएवढी.
गोळीला नळीचा शेवटचा स्पर्श तिथलाच.
निघता निघता कुणी दारात बाही ओढावी
आणि माणूस भलत्याच रस्त्याला लागावा.
खोक घासून कड सारखी केली.

रविवारी रेंजवर, ऊन चढायच्या आत.
पन्नास मीटर. वाळूच्या पोत्यावर
नळी नाही, लाकूड टेकवलं.
मॅगझीन भरून पाच गोळ्या:
संत्र्याएवढा घेर.
आणली तेव्हा पपईएवढा होता,
तरी वकिलांचं तोंड उतरलेलंच.
मी मागं बसून फक्त त्यांचं बोट पाहत होतो.
पहिली सुटायच्या आतच
ते दुसरीकडे धावत होतं.
बंदूक आपली आपण भरून घेते ना,
तिला वाट पाहावी लागत नाही,
मग माणसाला वाटतं, आपल्यालाही नाही.

मी मॅगझीन काढून खिशात घातलं
आणि तळहातावर एक काडतूस दिलं.
"हे मारा. मंग दुसरं देतो."
"एवढ्यासाठी सेमी-ऑटोमॅटिक घेतली होती काय बाप्पा!"
पण मारलं.
दुसरं दिलं सावकाश,
मुद्दाम डबी उघडत, बंद करत, पुन्हा उघडत.
पाच झाली. कागद आणला.
एका रुपयाखाली चार भोकं झाकली,
पाचवं काठावर.

मला वाटलं, हसतील.
ते कागद मांडीवर घेऊन बसले,
थर्मासच्या झाकणात चहा ओतला
आणि प्यायलेच नाहीत.
एकोणसत्तर साल. उमरेडकडचं रान.
गेले होते सशासाठी, समोर आलं चितळ.
बावीसनं चितळ मारायचं नसतं,
हे घरातल्या पोट्ट्यालाही ठाऊक होतं.
"तीन मारल्या, सोनकुसरे. धडाधड.
पडलं नाही. मागचा पाय ओढत
नाल्यात उतरलं. आम्ही अंधार होईतो शोधलं.
मी इतकी वर्षं सांगत आलो,
ही बंदूकच वाकडी मारते."

खोक माझ्या जिभेवर आली.
पण केव्हाची ती? त्या दिवसाआधीची,
की नाल्यात उतरताना दगडावर आपटलेली,
की परवा कपाट सरकवताना लागलेली?
लोखंड तारीख लिहून ठेवत नाही.
शेवटी सांगितलं: तोंडाला खोक होती, साहेब.
त्यांनी एकदम वर पाहिलं,
कोर्टात साक्षीदाराकडे पाहत असतील तसं.
"किती फरक पडतो तिच्यानं?"

खोटं बोललो असतो तर म्हातारा झोपला असता.
"पन्नास मीटरवर?" मी म्हटलं. "बोटभर."

वकिलांनी उजवा हात उलटा केला
आणि ते बोट बराच वेळ पाहत राहिले.
झाकणातल्या चहावर साय धरली होती.